फुगा वर येईना

आधी मावशीचं सांगतो, मग आगीचं. आग आधी सांगितली तर ऐकणाऱ्याला वाटतं, पाठीवर यंत्र असलेल्या माणसानंच काहीतरी मोठं केलं. तसं काही नाही.

पवनी तालुक्यात, आसगावच्या पुढं, जंगलाला टेकून एक गाव आहे. त्या गावातलं शेवटचं घर मावशीचं. माझी ती नात्यानं कुणी लागत नाही. मी सांगोल्याकडचा, नववीत शाळा सोडलेला. ती झाडीपट्टीतली, नवरा वारलेली, एकुलती मुलगी लाखनीला दिलेली. घरात ती, एक गाय आणि एक कालवड. थोडी स्वतःची धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, बाकी मजुरी, आणि उन्हाच्या तोंडाला मोहफुलं. मी गावात आलो त्या दिवशी वनखात्याच्या चौकीत चटई टाकून बसलो होतो. जेवायचं काय, कुणाला विचारायचं, हेच डोक्यात. तर ही दारात येऊन उभी राहिली.

"भात चालते का तुले, का भाकरवाला होय?"

"दोन्ही चालतं," मी म्हटलं.

"मंग चाल ना. एवढा विचार कायचा करून राहिला?"

त्या दिवसापासून माझं ताट तिच्याकडं. तिनं मला जेवू घातलं, यंत्रात काय अडकलंय ते तिनं ओळखलं, आणि जे माझ्या अंगावर येणार होतं ते तिनं स्वतःच्या अंगावर घेतलं. ह्या तीन गोष्टी पहिल्यांदा लिहून ठेवतो. आता बाकीचं.

आमच्याकडं डाळिंबाच्या बागा. शाळा सुटल्यावर मी फवारणीच्या टोळीत लागलो आणि पाठीवरच्या पेट्रोल पंपाची मला सवय झाली. टू-स्ट्रोक इंजिन, दोरी ओढून सुरू करायचं. पुढं एका ठेकेदारानं विचारलं, इंजिन तसलंच आहे, फक्त औषधाऐवजी हवा मारायची, भंडारा जिल्ह्यात जंगलाकडंला, वणव्याचा हंगाम संपेपर्यंत. येतोस का? मी हो म्हणून बसलो.

काम सांगायला सोपं आहे. उन्हाळ्यात साग, ऐन, तेंदूची पानं गळून जमिनीवर थर बसतो. आग त्या थरातून जमिनीला चिकटून सरकत येते. तिच्या वाटेतली पानं ब्लोअरनं फुंकून माती उघडी केली, की तिला पुढं खायला काही उरत नाही आणि ती तिथंच विझते. ह्या उघड्या पट्ट्याला सगळे लाइन म्हणतात. मी लाइन मारायचो. माझ्यामागं गावातले आग राखणारे हिरव्या डहाळ्या घेऊन चुकार ठिणग्या झोडपायचे. त्यांच्यात एक काका होते, जंगलात आयुष्य गेलेले. त्यांनी पहिल्याच दिवशी माझं नाव 'सोलापुरी चादर' ठेवलं. "ए चादर, पांघरून झोपला का?" असं ओरडत यायचे.

मी मुळातच घाबरट. रोज सकाळी यंत्राला हात लावायच्या आधी मनात एकच, सुरू होईल ना? इथं गॅरेज नाही, ओळखीचं कोणी नाही. बंद पडलं तर ठेकेदार म्हणणार, तू बिघडवलंस. म्हणून सगळं क्रमानं करायचो. कार्बोरेटरच्या खाली पारदर्शक रबराचा छोटा फुगा असतो. तो दाबून सोडला की टाकीतलं पेट्रोल ओढून घेतो. दाबत राहायचं. आत पेट्रोल दिसलं, फुगा बोटाला टणक लागला, की चोक लावायचा आणि दोरी ओढायची. इंजिन एकदा खोकलं की चोक अर्धा काढायचा, परत ओढायची. खोकल्यावरही चोक तसाच ठेवला तर प्लग पेट्रोलनं भिजतो आणि मग ओढत बसा. हे मला झोपेतही जमलं असतं. तरी प्रत्येक वेळी फुग्यात पेट्रोल दिसेपर्यंत मी श्वास धरायचो.

हंगामाच्या मध्यावर माझा पेट्रोलचा कॅन तळाशी चिरला. मावशीनं घरातून एक जुनी प्लास्टिकची डबकी आणून दिली, कॅनसारखीच, पोकळ मुठीची. "गरम पाण्यानं, सोडा टाकून धुतली हाय. घे." मी हुंगून बघितली, साबणाचा वास येत होता. उन्हात वाळवून तिच्यात ऑइल मिसळलेलं पेट्रोल भरलं. दोन-चार दिवस यंत्र छान चाललं.

मोहफुलांचे दिवस होते. मोहाची फुलं रात्री गळतात, पहाटे वेचायची. खाली पानांचा थर असला तर फुलं दिसत नाहीत. म्हणून काही जण झाडाखालची पानं पेटवून देतात. काळ्या जमिनीवर पिवळी फुलं लांबूनही दिसतात. पेटवणारा शेजारी थांबला तर काही होत नाही. पण ज्याला पुढच्या झाडाखाली जायची घाई असते, तो थांबत नाही. मावशी कधी जाळायची नाही. खराट्यानं झाडायची आणि जाळणाऱ्यांना शिव्या द्यायची.

त्या सकाळी मी तिच्या ओट्यावर चहा पीत होतो. हवेत गारवा होता, तिकडं मार्चात पहाटेला अजून असतो. चहाच्या आधीच डबकी उलटी करून तळातलं शेवटचं पेट्रोल यंत्राच्या टाकीत ओतून ठेवलं होतं. वनरक्षक साहेबांची मोटारसायकल दणदणत आली. ती थांबायच्या आधीच ते ओरडले, "ऊठ बे! नाल्यापलीकडून आग येऊन राहिली. वारा इकडंचाच हाय!"

मी वळून बघितलं. झाडांच्या शेंड्यांवर पांढरा धूर होता, खालून तपकिरी. जंगल आणि गाव ह्यांच्यामध्ये एक उघडी जागा आहे, तिथं सगळ्यांचे तणसाचे ढीग रचलेले. तणस म्हणजे धान झोडून उरलेला पेंढा. पाऊस पडून गवत उगवेपर्यंत जनावरांनी तेच खायचं. ढिगांच्या मागं घरं. आणि सगळ्यात बाहेरचा, जंगलाला सर्वांत जवळचा ढीग मावशीचा.

मी यंत्र ओट्यावर ठेवून फुगा दाबला. तो आत गेला आणि आतच राहिला. बोटानं पिळून काढलेल्या द्राक्षाच्या सालीसारखा. असं कधी झालं नव्हतं. मी नखानं कडेनं उचकटला, परत दाबला. परत चपटा. आत पेट्रोलचा टिपूससुद्धा नाही. तरी मी चोक लावून दोरी ओढली. ओढतच राहिलो. इंजिन नुसतं घुर्र करून गप्प.

"काय झालं?" साहेब.

"बघतो, साहेब."

"बघू नको, चालू कर ना! आज पाहाचा दिवस हाय का?"

आग राखणारे काका डहाळ्या घेऊन धावत आले होते. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं. "चादर ओली झाली वाटते आज. साहेब, मशीनीच्या भरोशावर राहू नका. चला, हातानं झोडपू. जेवढी अडते तेवढी अडते." साहेब आणि सगळे गडी नाल्याच्या अंगाला पळाले. मोटारसायकल तिथंच उभी राहिली. मी आणि मावशी उरलो.

मावशी अंगणातल्या हौदाकडं वळली. घागर उचलली, हौदात बुडवली आणि जाऊन ढिगावर रिती केली. परत आली, परत भरली. ढीग जंगलाच्या बाजूनं भिजवत होती. ठिणगी पडली तर ओल्यावर पडावी म्हणून.

मनाला म्हटलं, क्रमानं जा. प्लग काढला. कोरडा होता. म्हणजे पेट्रोल वरपर्यंत पोचतच नाही. ठिणगी बघायलाच नको. आता वाटेत कुठं अडलंय? टाकीच्या झाकणाला हवा आत यायला बारीक भोक असतं. ते बुजलं तर टाकी गुदमरते आणि फुगा ओढू शकत नाही. झाकण पूर्ण उघडलं. फुगा तसाच चपटा. म्हणजे झाकण नाही. मग टाकीतला फिल्टर. तो नळीच्या टोकाला लोंबत टाकीच्या तळाशी पडलेला असतो. सायकलच्या तारेचा आकडा करून मी तो बाहेर ओढला.

फिल्टरभोवती पिवळट पांढरा थर बसला होता. मेण म्हणावं तर मेण नाही. मी थर खरवडून दोन बोटांत चोळला. चोळता चोळता तो पातळ झाला. पाणी असतं तर थेंब होऊन पडलं असतं. रंग नाही, ग्रीस नाही. वास घेतला तर नुसता पेट्रोलचा. माझ्या डोक्यात काही येईना. कोणी मुद्दाम टाकलं का? पंपावरचं पेट्रोलच खराब का? ठेकेदार म्हणेल, ह्यानंच काहीतरी भेसळ केली. नाल्याकडून काकांची हाक ऐकू आली, "डावीकडं! डावीकडं सुटली!"

मावशी घागर घेऊन हौदाकडं जाताना माझ्यापाशी थांबली. "हे काय लावलं बोटाले?"

"फिल्टरला चिकटलंय. काय आहे कळंना, मावशी."

तिनं माझं बोट धरलं, त्यावरचं तिच्या मनगटाला पुसलं आणि अंगठ्यानं घासलं. मग नाकाशी नेलं. तिचा चेहरा बदलला.

"हे तं टोरी हाय," ती म्हणाली. "मोहाच्या बियांचं तेल. टोरीचं तेल."

मी परत बोट हुंगलं.

"गारव्यानं गोठते ते. तुपावानी." तिनं ओट्यावरची डबकी उचलली, उलटी केली, आणि तिच्या पोकळ मुठीत करंगळी घातली. करंगळी बाहेर आली तेव्हा तिला तेच पिवळट लागलेलं होतं. "वर्षभर आमी टोरीच ठेवत होतो हिच्यात. सगळी धुतली बाप्पा, पण मुठीत पाणी कुठं पोचते. माह्याच डबकीनं घात केला."

आता मलाही कळलं. डबकी भरलेली होती तोवर मी वरवरचं पेट्रोल ओतत होतो. आज शेवटचं ओतताना ती पूर्ण उलटी केली आणि मुठीत गोठून बसलेलं तेल सुटून टाकीत गेलं. पेट्रोलमध्ये थोडं विरघळलं, बाकी गाळ होऊन तळाला, फिल्टरजवळ.

"चांगलं पेट्रोल पाहिजे," मी म्हटलं. "ऑइलची पुडी आहे माझ्याकडं. पेट्रोल नाही."

तिनं साहेबांच्या मोटारसायकलकडं बघितलं. मीही बघितलं. मग दोघांनी एकमेकांकडं.

"साहेबांना विचारल्याशिवाय..." मी म्हटलं.

"साहेब आगीत हाय. काढ. बोलतील तं मले बोलतील."

मी गाडीच्या पेट्रोलची नळी कॉकपाशी उपसली. मावशीनं पाण्याची बाटली धरली. बाटली भरत होती आणि मला आगीचा आवाज येत होता. आधी मला वाटलं, कुठं पाऊस पडतोय. सुकी पानं जळताना तसाच आवाज होतो. टाकीतलं जुनं पेट्रोल मी लांब खड्ड्यात ओतून दिलं, नव्यानं टाकी खळबळून काढली, फिल्टर बाटलीच्या झाकणात बुडवून पिळला, परत बुडवून परत पिळला. पुडी फोडून ऑइल मिसळलं. टाकीत ओतलं. फुगा दाबला.

वर आला. हळू, पण आला. तळाशी हिरवट पेट्रोल दिसलं. मी एवढ्या जोरात "आला!" ओरडलो, की मावशीच्या हातातली बाटली कलली.

चोक, दोरी. खोकलं. चोक अर्धा, दोरी. सुरू झालं! पाठीवर घ्यायला खाली वाकलो, तोवर कुई करून बंद. परत ओढलं. परत तेवढंच. चालायचं, रेस दिली की गळाठायचं.

"आता काय?" मावशी.

"आत गेलंय. कार्बोरेटरमध्ये बारीक जाळी असते, तिला बसलं असणार. खोलायला वेळ लागंल." मी स्क्रू ड्रायव्हर काढला. एवढाले बारीक स्क्रू, आत पापुद्र्यासारखं रबर, धुळीत कुठं उघडू? आणि उघडलं तर बसवीन का? धूर आता ढिगांच्या मागून दिसत होता. कोरडा, डोळ्यांना झोंबणारा.

मावशीनं माझा हात बाजूला केला. "खोलू नको. थंडीत शिशीतली टोरी गोठली तं आमी शिशी फोडतो का? गरम पाण्यात ठेवतो."

"पाणी आत गेलं तर संपलं, मावशी."

"आत कायले जाईन?" ती घरात पळाली. चुलीवर आंघोळीचं पाणी तापलेलं होतं. जुन्या लुगड्याचा तुकडा त्यात बुडवून, पिळून, वाफाळता घेऊन आली. मी कार्बोरेटरला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली, तिनं वरून तो कपडा लपेटला. निवला की बदलायचा. ती आत जायची, कपडा आणायची. तिचे तळवे लाल झाले होते. चूल घरात, यंत्र बाहेर, पेट्रोलपासून लांब, एवढं भान मला राहिलं हे माझं नशीब.

आणि ह्या सगळ्या वेळात घागर ओट्यापाशी आडवी पडलेली होती. तिच्या ढिगावर पाणी मारायचं थांबलं होतं. तेव्हा माझ्या हे लक्षातच आलं नाही. तिच्या आलं होतं. ती प्रत्येक वेळी घरात जाताना ढिगाकडं बघून जात होती.

"पाह्य आता," ती म्हणाली.

फुगा टणक. चोक. दोरी. खोकलं. चोक काढला, दोरी. सुरू झालं. मी रेस दिली. ते आधी अडखळलं, सायलेन्सरमधून निळसर जाड धूर आला, खरपूस तळणीसारखा वास, आणि मग आवाज उघडला. सरळ, मोकळा, कानठळ्या बसवणारा. मी पट्टे खांद्यात अडकवले आणि धावलो.

आग नाल्याच्या अलीकडं आली होती. उंच नव्हती, गुडघ्याइतकी, पण रांगच्या रांग. साहेब आणि काका धुरात झोडपत होते, तोंडं काळी. मी ढिगांच्या आणि आगीच्या मधून लाइन मारायला सुरुवात केली. नळी खाली धरून पानं आगीच्या दिशेनं फेकायची, माती दिसली की पुढं सरकायचं. थांबायचं नाही. एक पान मागं राहिलं तर त्याच पानावरून ती पलीकडं जाते. काका माझ्यामागं आले. "मार चादर, मार! आता कुठं उजाडलं तुह्यं!"

लाइन निम्मी झाली असेल तेव्हा मागून ओरडा आला. मी मान वळवली. वाऱ्यानं एक जळतं पान लाइन ओलांडून उडालं होतं आणि मावशीच्या ढिगावर पडलं होतं. वरच्या अंगाला, जिथं पाणी पोचलं नव्हतं. आधी नुसता धूर, मग एकदम लाल.

मी तिकडं वळलो. पाय आपोआप वळले. मावशी ढिगापाशी उभी होती. तिनं दोन्ही हात वर करून मला ढकलल्यासारखं केलं.

"इकडं येऊ नको!" ती ओरडली. "हवा मारशील तं सगळे ढीग पेटतील! तू लाइन सोडू नको!"

खरं होतं. जळत्या तणसावर ब्लोअर म्हणजे भात्याचं काम. ठिणग्या बाकी ढिगांवर, मग छपरांवर गेल्या असत्या. मी पाठ फिरवली. पाठीवर इंजिन तापलेलं, आणि मागून त्या ढिगाची झळ. तिकडं न बघता लाइन पुढं नेली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धुरानं म्हणा, कशानंही म्हणा. गावातल्या बाया घागरी घेऊन बाकीच्या ढिगांवर धावल्या, दोघा-तिघांनी बांबूनं मावशीचा ढीग आतल्या बाजूनं ओढून पाडला, म्हणजे तो जागच्या जागी जळेल. लाइन नाल्याच्या खडकाला टेकली. आग तिच्या काठाशी आली, काही वेळ इकडंतिकडं चाचपडल्यासारखी हलली आणि विझत गेली. घरं राहिली. बाकी सगळे ढीग राहिले.

मावशीचा तेवढा गेला.

यंत्र बंद केल्यावर कानात शांतता ठणकायला लागली. साहेब माझ्याकडं आले. हातावर पोळल्याचे डाग.

"पयले चालू झालं असतं तं एकही ढीग जळला नसता. समजलं का तुले? काय भरलं होतं मशीनीत? ठेकेदाराले फोन लावतो आत्ताच. असा माणूस नाई पाहिजे आमाले."

घरी आईला काय सांगायचं हाच एक विचार आला. परत जायचं, आणि तेही असं. तेवढ्यात मावशी पुढं झाली. साडीचा काठ जळालेला, केसांत राख.

"त्याले कायले बोलता, साहेब? डबकी माह्यी होती. टोरीची. माह्याच हातानं देल्ली. मशीनीत टोरी गेली म्हणून अडली."

साहेबांना आधी कळलंच नाही. "टोरी? पेट्रोलात?"

"हो. आन तुमच्या गाडीतलं पेट्रोलही मीच काढाले लावलं."

मोहफुलं वेचणाऱ्यांवर आधीच संशयाची नजर असते, आग लावता म्हणून. त्यात ही बाई चारचौघांत म्हणत होती, यंत्र माझ्यामुळं अडलं. कोणी म्हटलं असतं, मुद्दाम केलंस, तर तिच्याजवळ काय उत्तर होतं? मला तिथंच भीती वाटायला लागली, आता तिच्यासाठी.

काकांनी राखेत थुंकून तोंड पुसलं. "म्हणजे बाईनं मशीनीले फोडणी देल्ली. तरी म्हटलं, भज्यांचा वास कुठून येऊन राहिला!"

कोणीतरी फिसकन हसलं, मग दुसरा हसला. साहेबांच्याही मिशा हलल्या. मावशीही हसली, जळत्या ढिगाला पाठ करून. मग काका पुढं म्हणाले, हे मात्र न हसता, "मुद्दाम केलं असतं तं आपलाच ढीग काहून जाळला असता?" साहेबांनी ढिगाकडं बघितलं आणि फोन खिशात घातला. नंतर त्यांची गाडी सुरू होईना, तेव्हा मीच ती आसगावच्या रस्त्यापर्यंत ढकलत नेली. ते एवढंच म्हणाले, "डबकी बदल आता."

त्या संध्याकाळी गावानं घरटी एकेक भारा तणस मावशीच्या अंगणात आणून टाकला. कोणी सांगितलं नव्हतं, तिकडची रीतच तशी आहे. पण सगळ्यांकडंच मोजकं. तेवढ्यात कालवड जगली असती, गाय नाही. चार दिवसांनी लाखनीहून जावई आला आणि गाय घेऊन गेला. ती दोरी तिनं स्वतः त्याच्या हातात दिली आणि लगेच आत जाऊन भांडी घासायला बसली. मी म्हटलं, "मावशी, त्या वेळात तुम्ही पाणी मारलं असतं तर..." तिनं मला पुरतं बोलूच दिलं नाही. "मंग घर गेलं असतं. गाव गेलं असतं. हिशेब नको करू, जेव." हंगाम संपेपर्यंत आम्ही कोरा चहा प्यायलो.

आता मी रायगडकडं रस्त्याच्या कडंचं गवत कापायच्या यंत्रावर असतो. इंजिन तसलंच, फुगाही तसलाच. मधून मधून मावशीला फोन करतो. गाय अजून लाखनीलाच आहे. "इकडं आणून तिले काय चारू?" म्हणते. मी विषय काढला की म्हणते, "एवढ्या दूर कायले येते? आपल्या आईकडं जा." आईकडं जाईनच. पण मावशी, हे तुम्हाला कोणीतरी वाचून दाखवलं तर ऐका. कुठल्या वर्षी जमेल ते आज सांगता येत नाही, पण धान झोडणीच्या दिवसांत मी येणार. तुमच्या बांधीतलं आणि दुसऱ्यांच्या बांधीत राबून मिळवलेलं तणस वाहून आणीन, पहिल्यापेक्षा मोठा ढीग रचीन, जंगलापासून लांब, घराच्या ह्या बाजूला. आणि तो रचून झाला की लाखनीला जाऊन तुमची गाय चालवत घरी आणीन.